पोळी फुगायच्या आत सांगितलेला अर्थ

अण्णा, तुमचे जावई गेल्या माघात गेले. तुम्हाला सांगायला मराठीत मला एवढंच वाक्य लागलं. हेच इंग्रजीत सांगायला गेले आणि तोंडघशी पडले, तेही तुम्ही शिकवलेलं बोलून. म्हणून आज चिडून लिहायला बसले आहे.

तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात आणि घरी भावांना. तुम्ही बाहेरच्या खोलीत, मी आत चुलीशी. माझी शाळा आठवीतच सुटलेली. पण एकदा भावाला अडलेला अर्थ मी आतून सांगितला, आणि तेव्हापासून तुम्ही मलाही विचारू लागलात. तुम्ही वाक्प्रचार टाकायचा, तव्यावरची पोळी फुगायच्या आत मी अर्थ सांगायचा. चुकले की तुम्ही बाहेरून म्हणायचात, "पोळी करपली", पोळी चांगली असली तरी. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', मुसळधार पाऊस. 'पीस ऑफ केक', अगदी सोपं. 'किक द बकेट', मरणे. मरणात बादली कुठून आली, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्थ कळला ना? मग चौकशा पुरे. पुढचा." मला तर ही शिकलेल्या माणसांची, सणासुदीला काढायची भाषाच वाटायची. लग्नानंतर मिळेल ते पुस्तक वाचत गेले, असा वाक्प्रचार कुठे भेटला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

हे गेल्यावर महिन्याभराने यांच्या रेल्वेतल्या जुन्या मित्राचा फोन आला. मद्रासकडचे ते, हिंदी त्यांना जमत नाही. काही ठाऊक नव्हतं त्यांना, यांनाच फोनवर बोलवत होते. घरात मी एकटी. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं 'डाइड' काय सांगायचं, जरा नीट भाषेत सांगावं, म्हणून मी सावरून म्हणते, "सर, ही किक्ड द बकेट." ते "व्हॉट?" म्हणतात. ऐकू आलं नसेल म्हणून मी तेच पुन्हा, मोठ्याने सांगते. फोन बंद होतो.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून विचारलं, की आईवडिलांचं शेवटी शेवटी पटत नव्हतं का. मुलगा डोक्याला हात लावून माझ्यासमोर बसला. "आई, अगं, नवरा खपला म्हणून सांगितलंस तू त्यांना." मग मला समजवायला म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस. मी सांगून टाकलंय, आईला इंग्रजी येत नाही म्हणून." हे मला जास्त लागलं. इतकी वर्षं यांचं सगळं केलं, आणि यांच्या मित्राच्या लेखी मी एक तर निर्दय बायको, नाही तर अडाणी. अण्णा, अर्थ तुम्ही चोख दिलेत. कुठला शब्द मयताच्या घरी बोलायचा आणि कुठला नाक्यावर, हे सांगायला अजून एक पोळी झाली असती, एवढंच. तेवढाही धीर तुम्हाला नव्हता.

गेल्या आठवड्यात ते गृहस्थ आपल्या वडिलांचं श्राद्ध करायला इथे काशीत, आमच्या गावी आले. पंचगंगा घाटावरचा विधी उरकून गल्ल्यांतून विचारत विचारत घरी पोचले. मुलाने मला आधीच बजावलं होतं, तू फक्त चहा दे. मी चहा दिला आणि गप्प बसले. ते माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलत होते. मग यांच्या फोटोकडे बघून मुलाला म्हणाले, "युअर फादर वॉज अ हार्ड नट टु क्रॅक." मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, काका म्हणतात, बाबा फार प्रेमळ होते."

हार्ड नट म्हणजे सहजासहजी न उलगडणारा, अवघड माणूस, एवढं मला ठाऊक होतं. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "येस सर. विथ मी ऑल्सो. ऑल माय लाइफ."

ते आधी दचकले, मग मोठ्याने हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग माझ्याशी सरळ, भराभर बोलू लागले. गाडीचा डबा कसा चुकला, हे साहेबाशी कसे भांडले. अर्ध्याहून जास्त मला समजलं. मुलगा मुकाट्याने कप उचलून आत गेला.

हे पत्र तुम्ही असतात तरी तुमच्या हाती दिलं नसतं, तुम्ही आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले असतेत. पण एक सांगते. "विथ मी ऑल्सो" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आधी हे नव्हते. आधी तुम्ही होतात.