पाटीवर पंचवीस, मशीनवर बत्तीस

५ जाने., सोम.
कडाक्याची थंडी. वरठीहून भंडाऱ्यापर्यंत ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून नाकाचा शेंडा गेलाच. काउंटरवर बसले तरी बोटं वाकेनात.
सोमवार म्हणजे मार्टमध्ये भाव बदलायचा दिवस. नवे भाव नागपूरच्या ऑफिसमधून रात्रीच कॉम्प्युटरमध्ये येऊन बसतात. शेल्फवरच्या पाट्या मात्र आपल्या हाताने बदलायच्या. माणसं कमी, पाट्या ढीगभर. अर्ध्या जुन्याच राहतात. गिऱ्हाईक म्हणालंच काही तर "सिस्टीममध्ये हेच येतंय." पण म्हणतं कोण? लोक मशीनला देव मानतात.
सासूबाई करडीहून आल्यात. दुपारी मार्ट "पाहाले" आल्या. गावच्या बचत गटाच्या हळदीकुंकवाचं वाण आणायचं काम यंदा त्यांच्याकडे. चहाच्या गाळण्यांपुढे उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. एकेक गाळणी उजेडाकडे धरून भोकं पाहात होत्या. पिंकी (शेजारचं काउंटर) मला कोपराने ढोसत होती. पाटी पंचवीसची. "हेच नेतो," म्हणाल्या आणि काही न घेता संध्याकाळच्या बसने परत.

९ जाने.
सासूबाईंचा करडीहून फोन. सा.बां.नी चाळीस बायकांना सांगून टाकलं, गाळणी पंचवीसला, वर्गणी प्रत्येकी पंचवीस. जमा पण झाली. "माझ्या शब्दावर दिली सगळ्यायनं," असं तीनदा म्हणाल्या.
हे म्हणाले, "आईची लगीनघाई सुरू झाली."

१२ जाने., सोम.
काय दिवस गेला. नीट लिहिते.
सा.बा. बारा वाजता टोपलीभर गाळण्या घेऊन माझ्याच काउंटरला. पिंकीचं रिकामं होतं, तरी माझ्याच. पहिली गाळणी मशीनवर धरली. बत्तीस.
"बत्तीस काहून? पाटीवर तं पंचवीस लिहून हाये."
मी खाली मान घालून हळूच म्हटलं, आई, वरचे मी घरी देते, आत्ता बिल होऊ द्या. मागे रांग.
"तू कायले देशील? पाटी तून लावली का?"
हे मोठ्याने. सगळ्या रांगेला कळलं की ही माझी सासू. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
मॅनेजर राऊत सर आले. "देखो मावशी, पाकिटावर एमआरपी चाळीस आहे. आम्ही बत्तीसच लावून राहिलो. तुमचा फायदाच आहे ना?"
सा.बा. शांत. "चाळीस लिवणाऱ्याचं त्याच्यापाशी. तुमी काय लिवलं ते वाचू, चला." आणि राऊत सरांचा हात धरून, खरोखर मनगट धरून, शेल्फपर्यंत नेलं. मलाही बोलावलं. पाटी पंचवीसचीच. तिघांनी पाहिली.
सर म्हणाले, जुनी राहून गेली, मावशी. "मंग मी जुन्या पाटीच्या भावानं घेतो. मी काही फुकट मागून नाही राहिली."
रांगेतला एक माणूस म्हणाला, बरोबर बोलते आजी. दुसरा म्हणाला, सात रुपयांसाठी कायले एवढं. त्याच्याकडे सा.बां.नी वळूनही पाहिलं नाही.
शेवटी सर मला म्हणाले, "कर हाताने पंचवीस. फरक तुझ्या नावावर टाक." रोजचीच पद्धत. मी बटणाकडे हात नेला.
सा.बां.नी तो हात धरला.
"तिच्या नावावर म्हंजे? तिच्या पगारातून?"
सरांनी नजर स्क्रीनकडे वळवली. मी टोपलीकडे.
"असं असन तं मले नोको गाळण्या," म्हणाल्या, सगळ्या परत शेल्फवर नेऊन ओळीने लावल्या आणि रिकाम्या पिशवीने निघून गेल्या.

त्याच दिवशी, नंतर.
घरी येऊन मी भांडले. खरं लिहायचं तर किंचाळले. मला काढलं तर पोरीची ट्यूशन कोण भरणार? ह्यांचा प्लांटमधला पगार किती पुरतो ते तुम्हाला माहीत नाही का? सगळ्यांसमोर शोभा केली!
त्या लाखोरीची पालेभाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं सगळं. मग, "जेव आधी. उपाशी पोटी मानूस जास्त बोलते."
भाजी फार छान झाली होती. राग असूनही दोनदा घेतली.

१३ जाने.
रा. सर सकाळपासून बोलले नाहीत. मला काउंटरवरून काढून मागे तांदळाच्या थैल्या मोजायला बसवलं. पिंकी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "ताई, मागच्या दिवाळीत माझ्या पगारातून किती कापले माहीत आहे ना? सगळं पाट्यायचं." माहीत होतं. माझेही कापलेत. घरी कधी बोलले नाही, कारण बोलून काय होणार.
आज बोलले. सा.बा. तीळ पाखडत होत्या, सूप थांबलं.
"पाटी कोन लावते?"
सकाळी हाताला लागेल तो.
"अन् भरते कोन?"
काउंटरवाली.
"पाटी सेठच्या दुकानाची, मशीन सेठची, अन् भरते माही सून." सूप परत हलायला लागलं. "वर्षा, हे तं गाळणीपेक्षा मोठं निंगालं."
नवरा, भाऊ, बाप, कोणीही माझ्या नोकरीबद्दल आजवर इतकं नीट विचारलं नव्हतं. रडू आलं, गॅसकडे तोंड करून घेतलं.

१४ जाने. संक्रांत.
ह्यांची सुट्टी. सकाळी सा.बां.नी त्यांना ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला लावला. स्पीकरवर. तिकडची बाई समजुतीने बोलली. एमआरपी म्हणजे त्याच्यावर जायचं नाही एवढंच; दुकानाने स्वतः जो भाव लावून ठेवला त्याच्यापेक्षा जास्त घेणं हीसुद्धा तक्रारच होते. सा.बां.नी लगेच तक्रार नोंदवली. नाव, गाव, दुकान, गाळणी. शेवटी फोनवाल्या बाईला म्हणाल्या, "तीळगूळ घे वो माय, फोनमधूनच."

दुपारी मार्टमध्ये हजर! हातात लाडवांचा डबा. आधी वॉचमनला, मग पिंकीला, मग सरळ रा. सरांना. सरांनी लाडू तोंडात टाकला, आता काय बोलणार?
"गोड बोलाचं म्हन्ते आज, तं गोडच सांगतो साहेब. भाव पंचवीसच."
पिंकी काउंटरखाली वाकून हसली.
मग सा.बा. आत फिरत राहिल्या. कोणाला अडवलं नाही, आवाज चढवला नाही. बाई टोपली घेऊन दिसली की लाडू द्यायचा आणि सांगायचं, "पाटी पाहून घेजो बाई, अन् मंग मशीनकडे पाहजो." बस, इतकंच. सणाची गर्दी. तासाभरात माझ्या काउंटरला (आज परत बसवलंय, गर्दीमुळे) प्रत्येक जण मान लांब करून स्क्रीनकडे बघायला लागला. चहापत्तीत फरक निघाला. खोबरेल तेलात निघाला. एका माणसाच्या सुतळीत निघाला. "सिस्टीममध्ये हेच येतंय" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. रा. सरांना बोलवत राहिले. सर कपाळाला हात लावून स्वतः शिडीवर चढले, पाट्या बदलायला. इतकी वर्षं मी तिथे आहे, सरांना शिडीवर पहिल्यांदा पाहिलं.
सात वर्षं झाली लग्नानंतर वरठीत राहून, सा.बां.बरोबर बाजारात जायचं म्हणजे मी चार पावलं मागे. घासाघीस करतात, लाज वाटते. आज वाटलं, जवळ जाऊन उभं राहावं आणि सगळ्यांना सांगावं, ही माझी सासू.
सांगितलं नाही. काउंटर सोडता येत नव्हतं.

१५ जाने.
गाळणीची पाटी बदलली. बत्तीस. रातोरात.
आणि सोमवारच्या पाटीचा फोटो काढायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. हे म्हणाले, "झालं. आता काय दाखवणार?" सा.बा. म्हणाल्या, "तिघांयनं पाहिली ना."
तिघे म्हणजे त्या, रा. सर आणि मी.

१७ जाने., शनि.
तक्रार नागपूरच्या ऑफिसला पोचली. रा. सरांनी मला आत बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. चहा! म्हणाले, मंगळवारी मोठे साहेब येणार आहेत, तुलाही विचारतील. "तू फक्त येवढं सांग, पाटी बत्तीसची होती, मावशीले दिसलं नसन नीट. वयानं होते. मॅटर खतम. तुझंही काही बिघडनार नाही."
माणूस म्हणून वाईट नाहीत सर. त्यांनाही वरून ऐकावं लागतं, घरी दोन लेकरं. उलट मलाच त्यांची दया आली, आणि मग स्वतःचीच चीड.
"वयानं होते" हे मात्र डोक्यातून जात नाही. उजेडाकडे धरून गाळणीचं एकेक भोक पाहणारी बाई.

१८ जाने., रवि.
सगळ्यांना घेऊन करडीला. दुपारी गटाची बैठक, समाजमंदिरात. सा.बा. उभ्या राहिल्या आणि जसं झालं तसं सांगितलं. स्वतःला मोठं केलं नाही, रा. सरांना शिव्या घातल्या नाहीत. मी पंचवीस म्हणाले, पंचवीसला मिळाली नाही, ज्यांना पैसे परत हवेत त्यांना आत्ता देते. रुमालाची गाठ सोडून समोर ठेवली.
मला वाटलं, आता टोमणे. सा.बां.च्या गळ्याची शीर दिसत होती. या बाईला मी कधी घाबरलेलं पाहिलंच नव्हतं, आज पाहिलं.
मग मागून एकजण, धानाच्या बांधीत रोवणी करताना सगळ्यांत मोठ्याने गाणारी ती (नाव विसरले), म्हणाली, "परत कायले? वाण दुकानात अडकून हाये, येईन तवा येईन. रथसप्तमीपर्यंत टाइम हाये ना."
"अन् नाहीच आलं तं?"
"तं हळदीकुकू तठीच करू, दुकानात. साहेबाच्या बायकोलेबी लावू."
असा हशा झाला की बाहेरची पोरं डोकावली. रुमालाची गाठ पुन्हा बांधली गेली. एकीनेही पैसे उचलले नाहीत.
सा.बा. घरी येताना तळ्याच्या पाळीवर थोडा वेळ बसल्या. डोळे पुसले. मी विचारलं नाही, नुसती शेजारी बसले. चार पावलं मागे नाही.
मग रा. सरांनी काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. सगळं, चहासकट.
"वयानं होते म्हन्ला?" हसल्या.

१९ जाने., सोम.
भाव बदलायचा दिवस. नवल म्हणजे रा. सर सकाळी आठलाच, हातात पाट्यांचा गठ्ठा, दोन माणसं बरोबर. साडेदहाला एकही जुनी पाटी नव्हती. हे झालं कोणामुळे ते सगळ्यांना माहीत आहे. पिंकी म्हणाली, "ताई, सासूबाईले अठीच लावून घ्या ना कामाले."
पगारातून कापायचं मात्र अजून तसंच. विचारलं तर सर म्हणाले, "उद्या साहेब ठरवतील. तू उद्या काय बोलतेस त्याच्यावर आहे."
म्हणजे माझं, पिंकीचं, सगळ्यांचंच.
सा.बा. आमच्याबरोबर काल वरठीला आल्या होत्या. आज परत येते तर पिशवी भरून दारात बसलेल्या. करडीची बस पकडायची म्हणे.
"आई, उद्याच तर साहेब येणार. थांबा ना."
"म्हनूनच जातो. मी असली तं तू माह्या तोंडाकडे पाहून बोलशीन. नोकरी तुही हाये, लेकरू तुहं हाये. तुले जे बोलाचं ते बोल. मी तुले कधी विचारनार नाही, का बोलली म्हनून."
मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, काय सांगू?
"तुले दिसली का पाटी?"
दिसली.
"मंग." पिशवी उचलली, मला उचलू दिली नाही, आणि रस्त्याला लागल्या. वळणावर एकदाही मागे पाहिलं नाही. इतकं मोठं मन कुठून आणते ही बाई? मला कोणी अशी मोकळीक दिली नव्हती कधी. आणि ती किती जड असते हेही आज कळलं.

२० जाने., मंगळ. सकाळ.
साहेब अकराला येणार. ह्यांनी माझा युनिफॉर्म इस्त्री करून दिला, कॉलर जळता जळता वाचली. स्वतःच डबा भरताहेत. काही विचारत नाहीत. आईने दम दिलेला दिसतो.
केस विंचरताना आरशासमोर म्हणून पाहिलं. पंचवीस. नुसते ओठ हलले.
परत म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने.
स्वयंपाकघरातून ह्यांनी विचारलं, "काय पंचवीस?"