घाटाची चक्री

मी, झुंबरबाई भ्रतार महिपती असवले, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे, डोळे चष्म्याने चालतात, चढ चढताना श्वास तेवढा अडतो. कोणी धाक घातलेला नाही. घालू पाहणारे एकच, माझे धाकटे दीर सोपान. त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

१. मुंबई-पुणे रस्त्यावरचे दुकान आणि मागची राहती खोली माझ्या नावाने खरेदी आहे. यजमान सन १९३१ साली विषमज्वराने गेले, तेव्हा दुकान भाड्याच्या जागेत होते. ही जागा मी नंतर माझ्या कमाईतून घेतली. यात वडिलोपार्जित काही नाही, म्हणून भाऊबंदांचा हक्क पोहोचत नाही. पाटीवर नाव मात्र यजमानांचेच आहे. मी वाचायला त्याच पाटीवरून शिकले. दर दसऱ्याला ती अक्षरे नव्याने रंगवते. रंगवताना आजही हात सावकाश चालतो.

हे दुकान मी माझी पुतणी, सोपान यांची मुलगी नंदाबाई हिला देत आहे. पूर्ण मालकीने.

२. भाऊजींना हे दुकान विकून तिथे मुंबईच्या पाहुण्यांसाठी खानावळ काढायची आहे. यजमानांच्या तेराव्यालाच ते म्हणाले होते, "वैनी, बाईच्या हाताला शेण शोभतं, ग्रीस न्हाई."

मी म्हटले, "दोनी राखंनंच निघतं, भाऊजी."

तेव्हापासून हा वाद चालू आहे. नंदा सासर सोडून कामशेतहून माघारी आली आणि माझ्याजवळ कामाला बसली, त्याचा राग त्यांना आणखी. पण मुलीला चुलीपाशी कोंडून ठेवण्यापेक्षा तिच्या हातात पाना द्यावा, असे मला वाटले. ती चूक असेल तर माझी.

३. आमचे नाव झाले ते चक्र्या बदलण्याने. पुण्याची तरुण मंडळी जलद गाड्या घेऊन घाट उतरत आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढाची शर्यत लावत. सपाटीवर वाऱ्यासारखी जाणारी गाडी घाटात गुदमरते. म्हणून उतरण्याआधी आम्ही मागच्या चाकाची दात्यांची चक्री काढून मोठी बसवत असू. मोठ्या चक्रीने चढ हलका होतो, वेग मात्र कमी होतो. दोन्ही एकदम कोणालाच मिळत नाही. त्यांची सपाटीची चक्री आमच्या खुंटीला राही. परतताना ती चढवून पुण्यास जात. लोखंडी पत्र्यातून चक्री कापून देत नूरमहंमदभाई लोहार, आणि दात्यांवर कानस मी फिरवत असे.

काही चक्र्या अजून खुंटीलाच आहेत. त्यांचे मालक लढाईवर गेले. नंदाने त्या विकू नयेत, वितळवू नयेत. कोणी स्वतः आला, किंवा त्याच्या घरचे कोणी आले, तर पुसून, तेल लावून हातात द्यावी. आधी पाणी विचारावे.

४. एक जुना हिशेब. दुकान भाऊजींवर सोपवून मी माहेरी गेले असता सोमाटण्याच्या सरळ रस्त्यावर पैज लागली. गिऱ्हाइकाने भाऊजींना सांगितले, गाडी जास्तीत जास्त पळाली पाहिजे. भाऊजींनी बैलगाडीचा हिशेब लावला: चाक मोठे तर एका फेऱ्यात वाट जास्त. म्हणून मागे सर्वांत मोठी चक्री ठोकली. चाक होते तेवढेच राहिले. इंजिन नुसते किंचाळले आणि गाडी मागे पडली. भाऊजींनी चारचौघांत सांगितले की नूरमहंमदने दाते वाकडे कापले. तो माणूस त्यानंतर वर्षभर आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. दाते सरळ होते, हे मी येथे लिहून ठेवते.

५. नंदासाठी. जुनी चेन नव्या चक्रीवर कधी घालू नकोस, दाते खाऊन टाकते. चक्री मोठी केलीस की चेनला कड्या वाढव. चाक पुढे ओढून वेळ मारून नेऊ नकोस. चेनची टोके जोडणाऱ्या कुलपाची मिटलेली बाजू चेन धावते त्या अंगाला ठेव. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाचे काम घाईत करू नकोस. तुझ्याइतका नेमका हात मी दुसरा पाहिला नाही. तोंडावर कधी बोलले नाही, येथे बोलते.

६. यजमानांची शर्यतीची गाडी नंदास. ती एकदा मी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत चालवली, नंदा मागे होती. नऊवारीला काष्टा असतो, अडचण कसली? पाय एकदाही जमिनीला लागला नाही. हे पाहायला यजमान असायला हवे होते.

७. नथ आणि पुतळ्यांची माळ बहीण अंबूबाईस. ती मला मिस्त्रीण म्हणून चिडवते. आता माझीच नथ घालून चिडवावे.

वरील मजकूर मी आज भाऊजींना व नूरमहंमदभाईंना समोर बसवून वाचून दाखवला. चौथे कलम आले तेव्हा भाऊजी उठले आणि पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "वैनी, तुमी लय हट्टी. कोर्टात जायचं तर म्होरं माझीच लेक उभी केलीया."

"म्या न्हाई केली. ती आपल्या पायानं उभी हाय."

"आन लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगा, घाटात गाडी अडली की हितं या."

 मग नूरमहंमदभाईंकडे न पाहताच भाऊजींनी विचारले, "दातं सरळ व्हतं?"

"व्हय, सोपानभाऊ."

"आण मग ती लेखणी."

स्थळ लोणावळे, तारीख १९ माहे नोव्हेंबर सन १९४६.

सही: झुंबरबाई महिपती असवले

साक्षीदार, एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष:
१. नूरमहंमद लोहार, राहणार लोणावळे
२. सोपान असवले, नंदाबाईचा बाप