चुकलेला पास कोणाच्या नावावर

प्रिय साधना,

आठ वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तुझा नंबर आहे माझ्याकडे. मागच्या सोमवारी आई तुला वाशीमच्या स्टँडवर भेटली, तेव्हा तिने तो घेतला. तू आता मेडशीच्या शाळेत गणित शिकवतेस हेही तिच्याकडूनच कळलं. पण फोन केला असता तर तू दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली असतीस, मुद्द्याचं बोल. मुद्दा मलाच अजून नीट सापडलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता आहे, मीटर तपासणीला. मीटर जे दाखवतो आणि वीज खरोखर जेवढी वापरली गेली, त्यात किती फरक आहे ते काढायचं. फरक ठरलेल्या मर्यादेत असेल तर मीटर पास, नाहीतर नाही. मला हे काम आवडतं. त्यात माझं मत कोणी विचारत नाही. संध्याकाळी साडेपाचला मात्र मुलींचा बास्केटबॉलचा सराव घ्यायला ग्राउंडवर जाते. लखीराम सर अजून बोर्डाखाली खुर्ची टाकून बसतात. पळायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आहे आणि बोलायचं स्वतःकडे ठेवलं आहे.

पुढच्या महिन्यात मुलींचा संघ अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाईल. चेंडू वर आणून खेळ चालवणाऱ्या पॉइंट गार्ड दोन आहेत, आणि जी पहिल्यापासून खेळेल तीच कॅप्टन. राज्याच्या शिबिरालाही जिल्ह्यातून तिचंच नाव जाईल. सरांनी शुक्रवारपर्यंत निर्णय मागितला आहे, तोही माझ्याकडे. म्हणाले, "तुले नोंदीची वही समजते, मले पोरी समजते, अन् यंदा दोन्ही जुळून नाही राह्यलं."

पहिली पल्लवी. चेंडू घेऊन वर येताना ती कधी खाली बघत नाही. बोलत नाही, हात वर करून खुणाही फारशा करत नाही. समोरची मुलगी मोकळी होण्याच्या अर्धा सेकंद आधी चेंडू निघालेला असतो. सामन्याला नऊ असिस्ट, म्हणजे तिच्या पासवर थेट नऊ बास्केट, आणि चुका दोन. चूक झाली की आधी स्वतः मागे पळते. तिचा खेळ बघताना मला बरं वाटतं, आणि का बरं वाटतं ते तुला सांगायची गरज नाही. ती माझ्यासारखी खेळते.

दुसरी मंजू. तांड्यावरून येते. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती मावशीकडे राहते. चेंडू जास्त वेळ हातात ठेवते, नको तिथून पास टाकते आणि अखंड बोलत असते. कोणाला सरक म्हणते, कोणाला चिडवते, फ्री थ्रो चुकलेल्या मुलीला भर सामन्यात हसवते. सहा असिस्ट, सहा चुका. कागदावर हा प्रश्नच नव्हता. पण मी एकेकजण मैदानात असतानाचे संघाचे गुण वेगळे काढले. पल्लवी असताना दर दहा मिनिटांना चौदा, मंजू असताना सतरा. आता तू म्हणशील, किती सामने? चारच. चार नोंदींवर मी मीटरसुद्धा पास करत नाही. म्हणून मोबाइलवरची चित्रणं पुन्हा बघितली, आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

सरांची ती रीत तुला आठवत असेलच. सामना संपला की सगळ्यांनी बोर्डाखाली बसायचं आणि पॉइंट गार्डने हातचा गेलेला प्रत्येक चेंडू कोणाच्या चुकीने गेला ते मोठ्याने सांगायचं. सर स्वतः काय पाहिलं ते कधी लिहीत नाहीत. ती सांगेल ते वहीत. पल्लवी सांगते तेव्हा चित्रणाशी तंतोतंत जुळतं. स्वतःची चूक स्वतःची, दुसरीची दुसरीची, आवाजात राग नाही. मंजूच्या मात्र सामन्यामागे सहापैकी चार चुका तिच्या नाहीतच. पास नीट गेले होते, समोरच्या मुलींच्या हातून सुटले. तिने सगळे आपल्या नावावर घेतले.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिला वाटलं मी रागावले आहे. म्हणाली, "मॅडम, तिच्या नावानं लिहिलं त थे उद्या हात मांगं घेते. माह्या नावानं लिहा, मले काई होत नाही."

मला ते आवडलं. त्या दिवशी मी जवळजवळ ठरवलं होतं. मग बसमध्ये आठवलं की मंजू आली तेव्हा पहिले दोन महिने तिला कोणी पास देत नव्हतं. ती इतकी बोलायला लागली ती त्यानंतर, आणि चुका आपल्या नावावर घ्यायला लागली तीही त्यानंतर. मग हे नेतृत्व आहे की संघात राहू द्यावं म्हणून दिलेली किंमत? वही दुरुस्त करावी, तर ज्या मुलींना तिने सांभाळलं त्यांनाच मी सगळ्यांसमोर उघडं पाडते. न करावी, तर खोट्या आकड्यांवर पल्लवीची निवड होते. आणि पल्लवीने तरी काय चुकीचं केलं? खरं सांगितलं. खरं सांगणारी मुलगी कमी प्रतीची कॅप्टन, हे मला कोणत्या तोंडाने म्हणता येईल? रोज एकीकडे झुकते, सकाळी दुसरीकडे असते. मला हे सहन होत नाही, तुला माहीत आहे.

आता जे लिहायचं आहे ते. काल सरांकडून आपल्या वर्षाची वही मागून घेतली. हंगामाच्या शेवटी तुझ्या नावावर एकोणीस चुका, माझ्या नावावर अठरा. असिस्ट सारखे. सरांनी त्या एका आकड्यावर मला कॅप्टन केलं आणि शिबिराला पाठवलं. तिथे पुढे निवड न होता मी तिसऱ्या दिवशी परत आले, पण खेळाचं प्रमाणपत्र पुढे प्रवेशाला उपयोगी पडलं. तू ग्राउंडवर यायची बंद झालीस. बारावीचा अभ्यास असेल असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तुझी एकोणिसावी नोंद अकोल्याच्या सामन्यातली आहे. शेवटचं मिनिट, आपण एका गुणाने मागे, दोघी एकत्र मैदानात. बोर्डाखाली सरांनी विचारलं तेव्हा मी पाणी पीत होते. तू म्हणालीस, "माह्यंच चुकलं सर, जोरात गेला." मी बाटली खाली ठेवली नाही.

तू तसं का सांगितलंस, हे विचारायला हे पत्र आहे. संघासाठी? माझे हात पुढच्या सामन्यात मागे जाऊ नयेत म्हणून? की खरं सांगितलं तर मी तुझ्याशी बोलणं सोडीन असं वाटलं म्हणून? पहिली दोन कारणं असतील तर मंजू कॅप्टन व्हायला हवी. तिसरं असेल तर तिला आधी कोणीतरी सांगायला हवं की चूक न घेताही तिची जागा राहील, आणि ते सांगणं माझं काम आहे. सरांच्या वीस वर्षांच्या नोंदी चाळल्या तरी हे मला वहीतून कळणार नाही. माझा नंबर पाकिटावर लिहिला आहे, शुक्रवारपर्यंत एक ओळ पाठव. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन. काहीही झालं तरी त्या दिवशी सरांना वही परत देताना अकोल्याची नोंद मी माझ्या नावावर करायला सांगणार आहे. तो पास बरोबर होता, साधना. छातीच्या उंचीवर आला होता, जोर हवा तेवढाच होता. माझ्या दोन्ही तळव्यांना लागला आणि सुटला.

इतक्या उशिरा का होईना, तुझीच,
संस्कृती