पुलाखाली मेलेलं मशीन

९ ऑगस्ट, शनिवार

काल कळव्याच्या पुलाखाली होडीचं मशीन मेलं आणि तिथंच माझं सगळं फिरलं. त्याच्या पाच मिनिटं आधी मी जगातला सगळ्यात खूश माणूस होतो.

मेघाली पहिल्यांदा आमच्या होडीच्या पूजेला आलेली. विठ्ठलवाडीहून, हिरवी साडी नेसून. तिच्या घरात कोणी खाडी धड बघितलेली नाही — बाप साताऱ्याकडचा, आयुष्यभर विहिरीचं पाणी प्यायलेला. बाबाच म्हणालेले, "नारलीपुनवंला आन तिला. होरीची पूजा करंल, मंग बोलू लग्नाचा." आमच्या घरात सून व्हायची ती आधी होडीला हळदकुंकू लावते. तिनं नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला लावलं, वल्ह्याला लावलं, मशीनला, पेट्रोलच्या टाकीला. एकेक बोट जपून टेकवत होती. मी हसलो तर म्हणाली, "गप रे, चुकेल काहीतरी."

मग नारळ घेऊन निघालो. सगळ्या कोळीवाड्याच्या होड्या, पुढं बँडची होडी. पुलापाशी मशीनचा आवाज जड झाला. मग धाप लागल्यासारखा. मग काहीच नाही. होडी ओहोटीला आडवी. पुलावरून लोक मोबाईल काढून शूटिंग करतायत. शेवटी माझ्या दोस्ताच्या, संदेशच्या होडीनं दोरी टाकून आम्हाला ओढत आणलं, मानाच्या नारळासकट.

उतरताना बाबा मेघालीकडे न बघता बोलले, "इतक्या वर्सान ही होरी पुनवंला कवा बंद परली नवती." एवढंच. बाकीचं बायकांनी पुरं केलं. पोरीचा हात बरा नाही म्हणे.

१० ऑगस्ट

लग्नाचं बोलणं बंद. बाबा म्हणतात खाडीनंच नको सांगितलं. मी म्हटलं, खाडी काही सांगत नाही, बिघाड मशीनमध्ये आहे, खोलून दाखवतो. "डिप्लोमा पुरा करता नाय आला, आन मशीन खोलतंय!" मी समोरची बादली लाथेनं उडवली. आईनं गुपचूप पाणी पुसलं.

हो, सोडला डिप्लोमा. सरांच्या अंगावर धावून गेलो, परत तोंड दाखवलं नाही. मेघाली त्याच वर्गातली. ती पास झाली, अंबरनाथला नोकरीलाही लागली. मी मासे विकतो.

१३ ऑगस्ट

प्लग काढले — काळे. नवे टाकले. कार्बोरेटर खोलून सगळी भोकं फुंकली. पाण्याच्या ड्रमात मशीन उभं केलं, वर बाटली टांगून पेट्रोल सोडलं. एक नंबर चाललं. कितीही वेळ चालव, आवाजात खोट नाही. परत होडीला लावलं, टाकी जोडली, निघालो. पुलापर्यंत आलो आणि तीच धाप!

मुद्दाम करतं साला.

मेघालीचा फोन येऊन गेला. हात ग्रीसनं भरलेले, उचलला नाही.

१५ ऑगस्ट

आज मशीनच्या पाण्यातल्या पंख्याच्या मागे लागलो. आतलं रबर सुटलं की मशीन नुसतं ओरडतं, पंखा फिरत नाही. पंख्याच्या आतल्या-बाहेरच्या भागावर पेंटची एकच रेघ मारून चालवून बघितलं. रेघ जागच्या जागी. रबर घट्ट आहे. पिशवी अडकलीय? नाही. मशीन तापतंय? गार पाण्याची धार नीट पडतेय.

संदेश म्हणाला, "भाय, पेट्रोलात पाणी असंल." टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं. मस्त पळालं. म्हटलं जिंकलो — आणि पुलाच्या अलीकडे मेलं. झाकण खोलून बघितलं, पेट्रोल आहे. दोरी ओढली, लगेच चालू. थोडं गेलं, परत मेलं. परत झाकण, परत चालू. संदेश हसायला लागला. "याला तुझं तोंड बघायचं असतं रे मधून मधून." त्याची कॉलर धरली. नंतर सोडली.

१७ ऑगस्ट

मेघाली म्हणाली, "तुझं मशीन सुधारलं की माझं काय होणार आहे?"

मी म्हटलं, कारण सापडलं की बाबांचं तोंड बंद.

"त्यांना कारण हवंय असं तुला कोणी सांगितलं?"

डोकं फिरलं. फोन कापला. माझ्या बापाला ती ओळखते की मी?

२० ऑगस्ट

सापडलं!

आज संदेशला सुकाणूवर बसवलं आणि मी नुसता टाकीकडे बघत बसलो. टाकीपासून मशीनपर्यंत जी नळी जाते, तिच्या मध्ये रबरी फुगा असतो. मशीनला धाप लागली तेव्हा तो फुगा चपटा होत गेलेला, आतून कोणी चोखल्यासारखा. टाकीत हवाच जात नव्हती. झाकण सैल केलं — सूं करून हवा आत घुसली, फुगा गोल झाला, मशीन गरजलं. झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलेलं. पिनेनं उकरलं तर आतून शेंदूर निघाला. तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला. पूजेचा. म्हणून बाटलीवर चालायचं. म्हणून झाकण उघडलं की जगायचं.

सरळ समुद्रापर्यंत पळवलं असतं, असलं पळत होतं. धावत घरी आलो, पिन बाबांसमोर धरली. बघा, खाडी नाही, देव नाही. पूजेच्या शेंदरानं भोक बुजलेलं, बस!

बाबांनी पिनेवरचा शेंदूर नखानं खरवडला. मग म्हणाले, "म्हंजे तिच्या हातानच झाला ना."

२१ ऑगस्ट

माझी जीभ छाटून टाकावी.

२३ ऑगस्ट

मेघालीला भेटलो, विठ्ठलवाडीला, तिच्या गल्लीच्या तोंडाशी. सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलेलं. रडली नाही.

"म्हणजे माझ्याच हातानं बंद पडलं. बरं झालं कळलं." मग म्हणाली, "यज्ञेश, तू प्लग बदललेस, पेट्रोल बदललंस. घरात एकदा तरी म्हणालास का, मशीन चालो न चालो, मी हिच्याशीच लग्न करणार?"

मी म्हटलं, सिद्ध करायचं होतं.

"माझ्या बाजूनं उभं राहायला तुला पुरावा लागला." गेली. मागे बघितलंच नाही.

 

२४ ऑगस्ट, रविवार

आई बोंबील साफ करत बसलेली. खाली मान घालून म्हणाली, "तिनं शेंदूर नाय लावला. तिनं नुसता कुकू लावला, बोटभर. मला वाटला टाकीची पूजा नीट नाय झाली, तं मागून मीच शेंदूर थापला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

तिनं बाबांकडे बघितलं. बाबा टीव्ही बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी तितंच तं उभा होतो." आवाजसुद्धा कमी केला नाही टीव्हीचा. "मशीन नसता बंद परला, तं दुसरा कायतरी काढला असता. आपल्या होरीला विठ्ठलवारीची पोर कशाला?"

मी काही फोडलं नाही. कुणाच्या अंगावर धावलो नाही.

आई म्हणाली, "जेवून तरी जा."

चपला घातल्या, बाहेर आलो, दार लावलं, विठ्ठलवाडीकडे निघालो.