माझ्या नावाने मागवलेला आवाज

५ ऑगस्ट

माझा पेन ड्राइव्ह बंद! ऑफिसातल्या सगळ्या मशीनचे यूएसबी पोर्ट आयटीच्या विक्रांतने बंद केले. "सिक्युरिटी, अक्षदा. आयटीचा नियम सगळ्यांना सारखा."

सारखा कसा? बाकीच्यांच्या पेन ड्राइव्हवर गाणी असतात. माझ्या पेन ड्राइव्हवर स्क्रीन रीडर आहे – स्क्रीन मला वाचून दाखवणारा आवाज. कुठल्याही मशीनला लावला की बोलतो.

बदल्यात वेब रीडर दिला. "ब्राउझर उघड, चालू कर. तो ड्राइव्ह घेऊन कशाला फिरतेस?"

फिरते. माझा आहे तो.

७ ऑगस्ट

वेब रीडर ब्राउझरबाहेर मुका. आमचं विम्याच्या क्लेमचं सॉफ्टवेअर नेमकं ब्राउझरबाहेर. म्हणजे दर वेळी शेजारच्या टेबलावरच्या वल्लरीला विचारायचं, काय लिहिलंय गं? ती प्रेमाने सांगते – अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं.

सुनेत्रा मॅडम: "स्पीड पडलाय तुझा. या महिन्यात प्रोबेशन संपतंय, बघ बाई."

८ ऑगस्ट

विक्रांतशी वाजलं. "क्लेमचं सॉफ्टवेअरही ब्राउझरमध्ये येतंय. थोडी कळ काढ."

तू काढ, म्हटलं.

घरी आई: "तेच्याशी कित्याक झगडतंस गो?"

१३ ऑगस्ट

उद्या साहेबांसमोर वेब रीडरचा डेमो. पसंत पडला तर माझा ड्राइव्ह कायमचा गेला. आणि डेमो मीच द्यायचा!

हो म्हटलं. मॉनिटर बंद करून विक्रांतलाच खुर्चीत बसवणार. लॉगिनच्या वेळी ब्राउझर नसतो, म्हणजे आवाजही नाही. तिथेच अडकेल. सगळ्यांसमोर.

१४ ऑगस्ट

बसवला. मॉनिटर बंद केला. कुणीतरी हसलं.

अडकला नाही. पासवर्ड टाकला, ब्राउझर उघडला, मेल शोधली, उत्तर पाठवलं. माऊसची एकही क्लिक नाही – मला ऐकू आली असती. टाळ्या. सुनेत्रा मॅडम: "त्याला पटकन जमलं, तुला का जड जातंय?" वेब रीडर मंजूर.

हरले.

पण डोक्यातून एक जात नाही. त्याने आवाज माझ्याइतका भरभर ठेवला होता. त्या वेगात डोळस माणसाला शब्द कळत नाही. वल्लरी म्हणते, मिक्सर लागलाय! विक्रांत एकदाही थांबला नाही. ही सवय एका दिवसाची नव्हे.

१६ ऑगस्ट

जिन्यात गाठला. विचारलं, कधीपासून?

"दोन वर्षं. कडेचं दिसणं गेलं, आता मधलंही जातंय. पेन ड्राइव्ह लावला की लोक विचारतात गं. ब्राउझर सगळ्यांकडेच असतो."

म्हणजे मंजुरी माझ्या नावाने, गरज त्याची. आणि नोकरी जाणार माझी.

"मॅडमना सांगशील?"

नाही, म्हटलं. माझा पोर्ट उघड.

"उघडतो."

संध्याकाळ झाली. पोर्ट बंदच आहे.