लाल मेणातलं चीज

१४ डिसेंबर, रविवार

डेली सिटीला रुचाच्या होणाऱ्या सासरी जाऊन आलो. घरात पाऊल टाकलं आणि रुचा फुटलीच — "आई, तू त्यांच्या घरचं खाल्लं नाहीस! शी वॉज सो हर्ट!"

मी? मी का नाही खाणार!

मार्कोच्या आईने, लूर्डेसबाईंनी, मुद्दाम बोलावलं होतं. विहिणींची पहिलीच भेट. टेबलावर चार ब्रँडचे चीजचे गोळे, लाल मेणातले, प्रत्येकाची एकेक फोड काढलेली. नाताळच्या रात्रीच्या जेवणाला हे लागतंच म्हणे, फिलिपिन्सची रीत. "यू चूज, रत्ना. दिस इयर यू चूज." शेजारीच येशूच्या गोठ्याचा देखावा, दिवे लावलेले. आता सणाचं, देवापुढचं, ते आधी तोंडात कसं घालायचं? उष्टं नाही का होणार! हात आपोआप मागे आला. "नो नो, आफ्टर," म्हणाले. त्यांनी ताटावर झाकण घातलं. मला वाटलं, दमल्या असतील.

१५ डिसेंबर

रुचाला समजावलं. ऐकते कुठे! "त्यांच्याकडे असं काही नसतं, आई. त्यांना वाटलं, तू त्यांना कमी समजतेस." मग जाता जाता — "फेब्रुवारीत लग्न आहे. तुमचं दोघींचं असंच चालणार असेल तर आम्ही आमचं बघतो."

एकुलती एक पोर. तिच्या लग्नात मी नाही?

१७ डिसेंबर

लूर्डेसबाई फोन उचलत नाहीत.

२० डिसेंबर

फिलिपिनो दुकानातून तेच चारही ब्रँड आणले. विनय — "अगं, चार-चार?" हो, चार! निवडायला सांगितलंय ना मला? निवडते.

सगळे कापले. मेण नखांत जाऊन बसलं. जहाज छाप, नुसतं खारट. कोंबडा छाप दाताखाली कुईकुई वाजतं. तिसरं बरं, पण गिळलं की संपलं. चौथं पवनचक्कीवालं — कोरडं, घट्ट, खमंग. पावाबरोबर खाल्लं, पुन्हा कापलं. हेच! विनय म्हणे, सगळी सारखीच लागतात. या माणसाला चहात साखर नसली तरी कळत नाही.

लूर्डेसबाईंना सांग म्हणून रुचाला मेसेज केला. पवनचक्की. आणि सॉरी, आमच्यात सणाचं आधी चाखत नाहीत. तिने मला नुसता अंगठा पाठवला. चीड येते त्या अंगठ्याची!

२२ डिसेंबर

लूर्डेसबाईंचा मेसेज! "गुड. माय सिस्टर लाइक्स शिप, शी इज राँग. कम हंग्री ऑन ट्वेंटी-फोर्थ." हसले आणि रडलेही. लगेच रुचाला फोन लावला. उचलला नाही. "बिझी" म्हणून मेसेज. असेल ऑफिसचं काही. भेटल्यावर सांगीन.

२४ डिसेंबर, सकाळ

रुचाचा फोन. काल दुपारी दोघांनी काउंटी क्लर्कच्या ऑफिसात रजिस्टर लग्न केलं. साक्षीला मार्कोचा मित्र. "तुमच्या भांडणाचं टेन्शन नको होतं, आई."

लूर्डेसबाईंना फोन लावला. त्यांनाही आत्ताच कळलेलं. "विंडमिल इज रेडी," त्या म्हणाल्या. "कमिंग हंग्री," मी म्हणाले.