आईच्या ग्राइंडरची मूठ

ती. ताईस,

नमस्कार (हा वयाचा, बाकीचा आपण आईच्या वस्तूंच्या वाटणीच्या दिवशी बंद केला). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा रक्तदाब? माझं अक्षर पाहून तो चढला असेल तर आधी गोळी घे, मग पुढे वाच. आम्ही बरे आहोत.

आईचा लाकडी कॉफी ग्राइंडर तुझ्या तावडीतून सोडवताना मी चारचौघांत म्हणालो होतो की तू बाटलीतली पावडर ढवळून पिणारी, तुला ही वस्तू जपता येणार नाही. मी ती कशी जपली ते ऐक. गंज काढायला सगळे लोखंडी भाग व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवले, तेही तुझ्या भावजयीच्या आवडत्या पातेल्यात (ते पातेलं आता माझ्या नावावर झालं आहे). कुठला भाग कुठे बसतो याचं चित्र काढून ठेवलं होतं, पण तो कागद तिनं मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला. मग अंदाजानं जोडलं. एक चकती उरली, ती खिशात टाकली. दांडा फिरवला तर बिया वरून गेल्या तशाच अख्ख्या खाली ड्रॉवरमध्ये आल्या. शेजारच्या म्हाताऱ्या घड्याळजींनी आतलं दातेरी चाक उलटं बसलंय हे एका नजरेत सांगितलं, चकतीही मागून घेतली आणि घरचे उपाय करून आलेल्या रोग्याकडे डॉक्टर बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

मग पॉलिश. बाहेरून तीन हात दिले आणि उत्साहाच्या भरात ड्रॉवरला आतूनही दिले. रविवारी मामा-मामींना मुद्दाम बोलावलं. मामांनी अर्धा कप कसाबसा संपवला आणि चवीबद्दल अवाक्षर न काढता लाकडाला चकाकी छान आलीय असं सांगितलं. मामींनी तेव्हापासून कॉफी सोडलीय म्हणे. माझ्या माहितीप्रमाणे फक्त आमच्याकडची सोडलीय.

राहिली दांड्यावरची मूठ. ग्राइंडर घरी आणला तेव्हाच ती नव्हती, कुठे तरी पडली असेल, असो. सुतारानं तीन करून दिल्या. पहिली बाहुलीच्या हाताची, दुसरी पैलवानाच्या. तिसरी मापात बरोबर, पण तळहाताला फोड आणते. सुतार म्हणतो, लाकूड हाताला बसायला चाळीस वर्षं वापरावं लागतं, आणि ते गुरुवारपर्यंत होणार नाही.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. मूठ कुठे पडली नाही. सगळे कपाटाच्या चाव्यांवरून भांडत होते तेव्हा तू ती फिरवून काढलीस आणि पर्समध्ये टाकलीस. मी दारातच होतो. बोललो नाही, कारण तुला जपता येणार नाही हे मी नुकतंच सर्वांना सांगून बसलो होतो. आईचा हात त्या मुठीत आहे हे तुला कळलं, मला नुसतं खोकं दिसलं. त्याची मला लाज वाटते. मूठ पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. नाही तर मी ग्राइंडर तिकडे आणून देतो.

दुसरा ता. क. शेवटचं वाक्य तुझ्या भावजयीनं सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं, आणून देतो लिहू की आणून दाखवतो. ती म्हणाली, देतो. राहू दे तसंच. आणि आलीस तर तुझी ती बाटलीतली पावडर आण. ड्रॉवरचा वास अजून गेलेला नाही, महिनाभर आम्हीही तीच पितोय आणि कालच संपली.